इतिवृत्तात न आलेलं

मार्चमधली कोपनहेगनची सकाळ.
बंदरावरचा वारा उभ्या सायकली आडव्या पाडत होता.
नऊ देशांच्या नऊ पाट्या मी टेबलावर मांडल्या,
एकीचं स्पेलिंग चुकलेलं, ती धावत जाऊन पुन्हा छापून आणली.
माझं काम एवढंच: कोण काय म्हणालं ते लिहायचं,
कसं म्हणालं ते सोडून.

विषय होते: संस्थेची घटना, वर्गणीची वाटणी,
शब्दांची मालकी कोणाकडे,
आणि दुपारच्या जेवणात हेरिंग की भाजी.
वाउटरनं पडद्यावर एक झाड दाखवलं, उलटं,
मूळ वर, फांद्या खाली,
फांदीफांदीला रोग लटकलेले
आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक आकडा.
"आकड्याला मातृभाषा नसते," तो म्हणाला.
हे मी लिहून घेतलं. वाक्य बरं होतं.

पुढचा पाऊण तास 'दुखणं' या एका शब्दावर गेला.
न्यूझीलंडची न्गाइरे म्हणाली,
पेशंट छातीवर हात ठेवून नुसता गप्प बसतो,
त्या गप्पपणाचा आकडा कोणता?
लोक हसले. ती हसली नाही.
मी लिहिलं: चर्चा झाली.

लिथुआनियाची ऑड्रोने तोवर काही बोलली नव्हती.
चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली.
ती उभी राहिली, तसं कुणीच राहत नव्हतं तिथं,
आणि म्हणाली, आमच्याकडे दुखायला एक क्रियापद पुरत नाही.
दात ठणकतो. हाड सलतं.
बरगडीत चमक भरते, सोललेलं कोपर चुरचुरतं.
आणि दिवसभर बीट उपटून आई घरी आली
की तिच्या कमरेत जे व्हायचं
त्याचं क्रियापद वेगळंच आहे, ते थंडीतच चालतं.
हे सगळं तुम्ही एकाच फांदीवर बसवणार?

वाउटर पाणी प्यायला.
"फांद्या वाढवता येतात," म्हणाला, जरा वेळानं.
मी लिहिलं: सूचनेची नोंद घेतली.

मधल्या सुट्टीत गॅलरीत तिनं माझ्याकडे काडी मागितली.
वाऱ्यानं सिगरेट पेटेना.
पेटेना म्हणूनच बहुधा बोलली:
भाऊ होता, रामूनस, एस्बियर्गला,
मासे कापायच्या कारखान्यात.
खिशात गावच्या डॉक्टरची चिठ्ठी, चार घड्यांची,
घामानं कापडासारखी मऊ.
रात्रपाळीच्या डॉक्टरनं ती दिव्यासमोर धरली.
दोन अक्षरं होती तिच्यावर.
तिकडे त्यांचा अर्थ हृदयाची झडप,
इकडे मज्जातंतूंचा कुठलासा आजार.
डॉक्टर चांगला होता, ती म्हणाली,
त्यानं वाचलंही नीटच,
आपल्या भाषेत.

"हे आत सांगा ना," मी म्हटलं.
"आत सांगितलं तर ते टाळ्या वाजवतील."

साडेचारला सह्या झाल्या. पेन एकच.
नवव्या सहीला शाई अडली,
थोर्किलनं ते झटकलं
आणि घटनेच्या तिसऱ्या पानावर निळा ठिपका पडला,
'सदस्य' आणि 'राष्ट्रे' यांच्या बरोब्बर मध्ये.
फोटो काढला. फोटोत मी नाही.

खुर्च्या सरळ करताना दाराशी तिचा फोन ऐकू आला.
भाषा कळत नव्हती, हसणं कळलं.
फोन ठेवून तिनंच सांगितलं:
आई विचारत होती, दिवसभर काय केलंस?
म्हटलं, दुखण्याला नंबर दिला.
तर म्हणते, बरं झालं बाई,
माझंही आजचं लिहून घे मग.
गुडघा. ठणकत नाहीये हं,
सलतोय.

माझी वही मिटलेली होती. पुन्हा उघडली.
समासात लिहिलं: गुडघा. पुढे जागा सोडली
आणि तिला विचारलं,
तो शब्द तुमच्यात लिहितात कसा?